साखरखेर्ड्यातला प्रक्षेपणतळ

माझा धंदा काय, हे मला आयुष्यभर लोकांना समजावून सांगावं लागलं. मलकापुरात स्टेशनकडून बाजाराकडे येताना पत्र्याच्या छताची एक लांबट खोली लागते. तिच्यावर माझी ‘मॉडेल वर्क्स’ अशी पाटी होती. ती वाचून एकदा एक बाई लग्नाच्या मुलीला घेऊन आल्या आणि फोटो किती दिवसांत मिळतील, असं विचारू लागल्या. मी त्यांना आत नेऊन टेबलावरची वसाहत दाखवली. बोटभर उंचीची घरं, काडेपेटीएवढ्या गाड्या, भुशाला हिरवा रंग देऊन केलेली हिरवळ. बाईंनी वाकून एका खिडकीत डोकावून पाहिलं आणि हळूच विचारलं, “आत कोनी राह्यते का?”

मोठ्या गोष्टी लहान करणं, एवढंच माझं काम. माझे वडील मोहर्रमला ताजिये बांधत. बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागद यांतून ते मिनार उभे करत, घुमट उभे करत. माझा हात त्यांच्याजवळ बसूनच तयार झाला. पुढे एका नकाशे काढणाऱ्या साहेबांनी मला स्केल शिकवलं. एकास शंभर म्हणजे खऱ्या जागेवरचा एक मीटर माझ्या टेबलावर एक सेंटिमीटर होतो. हे एकदा डोक्यात बसलं की सगळं जग टेबलावर बसतं. बिल्डरांच्या वसाहती, जिनिंग मिल, दवाखाने, कॉलेजं, सगळं मी केलं. बिल्डरांच्या मॉडेलात झाडं नेहमी खऱ्यापेक्षा जास्त असतात, हेही इथे कबूल करून टाकतो. मी लावलेली झाडं जमिनीवर उगवली असती तर आमच्या भागात जंगल झालं असतं.

या कामाची एक सवय असते. संध्याकाळी उन्हं तिरपी झाली की दिवे न लावता टेबलाशी गुडघे टेकायचे आणि एक डोळा मिटून दुसरा थेट मॉडेलच्या जमिनीला लावायचा. मग घर घराएवढं दिसतं, रस्ता लांब जातो, सावल्या खऱ्या पडतात. चूक कुठे आहे ते तेव्हाच कळतं. पण खरं सांगायचं तर चूक शोधायला म्हणून वाकलेला मी पुष्कळदा तिथेच फिरत बसायचो. स्टेशनातून मालगाडी धडधडत जायची, टेबल थरथरायचं, आणि त्या गावात मला भूकंप झाल्यासारखं वाटायचं.

असाच मी एकदा जमिनीला डोळा लावून बसलेलो असताना दारात सुखदेव इंगळे उभे राहिले.

साठी ओलांडलेला उंच, वाळलेला माणूस. पांढरा शर्ट, खिशाला पेन. आत येताना त्यांनी चौकटीला हात लावला, मग खुर्चीला, मग टेबलाला. मला वाटलं, वस्तू हाताळायची सवय असेल. त्यांनी सांगितलं की ते साखरखेर्ड्याचे. तीस वर्षं पूर्व किनाऱ्यावर, जिथून रॉकेट सोडतात त्या केंद्रात, नोकरीला होते. आता रिटायर होऊन गावी आले आहेत.

“शास्त्रज्ञ होते काय?” मी विचारलं.

“नाही भाऊ. मी चाकाजवळचा माणूस.”

मग त्यांनी समजावलं. रॉकेट एका प्रचंड उंच इमारतीत उभंच्या उभं जोडतात. खाली लोखंडी चौथरा असतो, त्याला चाकं असतात, चाकांखाली रूळ. जोडून झालं की चौथरा रॉकेट घेऊन त्या रुळांवरून किलोमीटरभर लांब, समुद्राकडच्या तळावर जातो. इतका हळू की बाजूने चालणाऱ्या माणसाला पाऊल टाकून थांबावं लागतं. इंगळे चाकांजवळून चालत. ग्रीस, रूळ, आवाज. चाकाचा आवाज बदलला की हात वर करायचा आणि सगळं थांबायचं. तीस वर्षं हेच काम.

“त्या जागेचं मॉडेल पाहिजे,” ते म्हणाले. “आन असं पाहिजे, की माझ्या नजरेत मावलं पाहिजे.”

मला नीट कळलं नाही. तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि सांगितलं. काचबिंदू. कडेकडेने नजर मिटत आली होती. समोरचं दिसायचं, पण नळीतून पाहिल्यासारखं. माणसाचं तोंड दिसलं तर हात दिसत नव्हते. “घर माझ्या डोळ्याहून मोठं झालं आता,” ते म्हणाले. “बैल मोठा झाला, एष्टी मोठी झाली. लहान केलं तरच मला सबंध दिसते. डॉक्टर म्हणतात, आहे ते बी राहायचं नाही. त्याआधी एकदा सगळं एका जागी पाहायचं आहे.”

मी हो म्हणालो. पण त्याच वेळी माझ्याकडे एका मोठ्या बिल्डरचं काम होतं. मी इंगळ्यांना म्हणालो, “दादा, मले दोन महिने द्या. हे टेबल मोकळं झालं की तुमचंच घेतो.”

ते म्हणाले, “हाव, चालते.” आणि चौकटीला हात लावून निघून गेले.

हे दोन महिने मला आजही टोचतात. ते काम थांबवता आलं असतं. निदान दोन टेबलं लावता आली असती. पण ‘चालते’ म्हणणाऱ्या माणसाचं काम आपण मागे टाकतो. दोन महिन्यांनी मी फोन केला तेव्हा त्यांची पत्नी निर्मलाताई बोलल्या. म्हणाल्या, “डावा डोळा गेला त्यांचा. उजवा हाये अजून. तुमी फोन करान म्हणून वाट पाहून राह्यले.”

दुसऱ्या दिवशी मी टेबल रिकामं केलं.

इंगळे आठवड्यातून दोनदा यायचे. साखरखेर्ड्याहून चिखली, बुलडाणा, मग घाट उतरून मलकापूर, अर्धा दिवस एस.टी.त. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, “नकाशा मी आणला नाही, आणणार बी नाही. भिंतीआड काय असते ते विचारू नका. बाहेरून जे लोकाला दिसते, पेपरात येते, तेवढंच करा.” मी म्हणालो, “मले तरी भिंतीआडचं काय करायचं? मी भिंतीच बनवतो.”

पण बाहेरचं मात्र त्यांना इतकं पाठ होतं की मी थक्क झालो. मापं ते मीटरमध्ये देत नसत, अंगाने देत. जिने किती पायऱ्यांनंतर वळतात. कोणत्या वळणावर वारा अचानक तोंडावर येतो. रुळांच्या कडेचं काँक्रीट दुपारी किती तापतं. ते डोळे मिटून पावलं मोजायचे, मी वहीत लिहून घ्यायचो, आणि मग वर्तमानपत्रातल्या फोटोंशी ताडून पाहायचो. फारसा फरक निघत नसे.

मी समुद्र पाहिलेला नव्हता. आजही पाहिलेला नाही. मी त्यांना विचारलं, “पाण्याले कोणता निळा देऊ?” माझ्याकडे तीन निळे होते.

“निळा नाही,” ते म्हणाले. “सकाळी शिशासारखा. दुपारी डोळे उघडवत नाहीत. संध्याकाळी ओल्या गोणपाटासारखा.”

मग मी गोणपाटाचा रंग कालवला. किनाऱ्यामागे सुरूची झाडं होती, रांगाच्या रांगा. ती मी तांब्याच्या बारीक तारा पिळून केली, त्यांवर भुसा चिकटवला. खाऱ्या पाण्याचं उथळ सरोवर होतं, तिथे हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. एकास चारशेच्या मापात पक्षी म्हणजे टाचणीचं डोकं. मी गुलाबी ठिपके दिले. इंगळे त्या ठिपक्यांकडे उजवा डोळा नेऊन कितीतरी वेळ पाहत राहिले. म्हणाले, “ड्यूटी सुटली की आम्ही हे पाहायला जायचो. बोलायचो नाही कोनी.”

त्या दिवसांत दुपारी मला कामाच्या जागीच डुलकी लागे. स्वप्नात मी रुळांच्या बाजूने चालत असे. एकीकडे वाळू, एकीकडे सुरूचा आवाज, आणि माझ्या शेजारून काहीतरी पांढरं, उंच, जवळजवळ न हलता पुढे सरकत असे. जाग आली की कितीतरी वेळ मला पत्र्याचं छत ओळखू येत नसे. पुष्कळ जागा मी लहान केल्या, पण एवढी आत ओढून घेणारी जागा ही एकच.

भांडण झालं ते रुळांवरून.

मी त्यांना खुर्चीत बसवून समोर दोन पेन्सिली धरल्या होत्या आणि हळूहळू दूर नेत, त्यांच्या उजव्या डोळ्यात किती रुंदी मावते ते मोजलं होतं. बसल्या जागेवरून दोन फूट. तेवढ्यात सबंध परिसर बसवायचा, तर इमारत आणि प्रक्षेपणाचा तळ यांच्यामधला किलोमीटर मला खाऊन टाकावा लागणार होता. हे आम्ही नेहमी करतो. इमारती खऱ्या मापाच्या ठेवतो आणि मधली मोकळी जागा आवळतो. पाहणाऱ्याला कळतही नाही. मी प्लायवर पेन्सिलीने आखणी करून दाखवली. एकीकडे इमारत, वीतभर अंतरावर तळ.

इंगळ्यांनी बोट ठेवून रूळ चाचपला. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला बोट लगेच पोचलं. त्यांनी ते उचलून घेतलं.

“काय झालं, दादा?”

“हे नाही ते.”

“दादा, तुमच्या नजरेत मावलं पाहिजे म्हणून तर—”

“मुनीरभाई, इमारत इंजिनेरांची. तळ बी त्यांचा. माझं जे काही होतं ते या मधात होतं. तेच तुमी काढून टाकलं.”

मी म्हणालो, खऱ्या मापाने काढलं तर नुसता रूळ आठ फूट होईल. तुम्हाला एका वेळी इमारत दिसेल, नाहीतर तळ दिसेल, दोन्ही नाही. हे तुम्हाला चालणार नाही.

त्यांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, “तिथं तरी दोन्ही एका वेळी कुठं दिसायचे? खाली पाहून चालायचो. आठ फूट करा.”

मी ती प्लाय उलटी केली आणि नवीन सुरुवात केली. सबंध मॉडेल नऊ फुटांवर गेलं. वाहून नेता यावं म्हणून मी ते तीन तुकड्यांत केलं, रुळांचे सांधे असे बेतले की बोट फिरवलं तरी लागू नयेत. रूळ पितळी पट्टीचे. चौथऱ्याला खरी फिरणारी चाकं बसवली, घड्याळजीकडून बारीक चक्रं आणून. रॉकेट मधल्या बोटापेक्षा थोडं लांब, सागाच्या लाकडाचं, चौथऱ्याच्या खाचेत उभं राहणारं. तळाभोवती वीज अंगावर घेणारे चार उंच मनोरे असतात, ते मी पितळेच्या तारांना कथलाचा डाग देऊन जोडले. एकेका मनोऱ्याला आठवडा लागला. ते मनोरे म्हणजे माझ्या हातची सगळ्यात नाजूक चीज. चाळिशीतला हात असता तर गोष्ट वेगळी. साठीच्या हाताने ते केलं, याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

शेवटच्या फेरीला निर्मलाताई सोबत आल्या. गावात त्या अंगणवाडीत होत्या. नवरा तीस वर्षं समुद्रावर आणि बायको साखरखेर्ड्यात, पोरं, शेत, सासू सगळं सांभाळून. त्यांनी पदर सावरून सगळ्या मॉडेलला एक चक्कर मारली आणि विचारलं, “आन ती टाकी कुठं गेली?”

“कोणती टाकी?” इंगळे म्हणाले.

“पाण्याची. उंच. टीव्हीवर डाव्या अंगाला दिसते ती.”

इंगळे विचारात पडले. मग हसायला लागले. “हाय की. तिच्याच सावलीत तर डबा खायचो आम्ही. वर कधी पाह्यलंच नाही.”

मी वही उघडली. निर्मलाताई बोलत गेल्या आणि मी लिहीत गेलो. धूर आधी खालून आडवा पळतो, मग वर चढतो. रॉकेटला टेकलेला लोखंडी हात बाजूला होतो तेव्हा त्याला हिसका बसतो. रॉकेटचं टोक मनोऱ्यांच्या वर गेलं की मग आपला जीव भांड्यात पडतो. त्या सगळं असं सांगत होत्या, जसं गल्लीच्या टोकाला घडलं आहे. गावातल्या बाया जमवून त्यांनी प्रत्येक उड्डाण टीव्हीवर पाहिलेलं होतं.

“यांनी नाही पाह्यलं कधी,” त्या म्हणाल्या.

मी इंगळ्यांकडे पाहिलं. ते म्हणाले, “खरं आहे. काही तास आधी सगळ्याले तिथून काढतात. आम्ही कॉलनीत. सुरूच्या झाडाच्या वर एक उजेड दिसायचा, मंग उशिरानं आवाज यायचा. बस. तिनं जे पाह्यलं ते मी नाही पाह्यलं.”

“मी तुमालाच शोधायची,” निर्मलाताई म्हणाल्या. “वाटायचं, कुठंतरी कोपऱ्यात दिसतील.”

मी टाकीसाठी पत्रा शोधण्याचं निमित्त काढून कपाटाकडे वळलो.

टाकी झाली. पिकअपमध्ये गाद्या टाकून आम्ही तीन तुकडे साखरखेर्ड्याला न्यायला निघालो. राजूर घाट मी जीव मुठीत धरून पार केला. ड्रायव्हरला दहा वेळा सांगितलं, हळू. घाट निभावला, बुलडाणा गेलं, चिखली गेली, आणि गाव दिसायला लागल्यावर एका नव्या गतिरोधकावर गाडी आदळली. मागून बारीक आवाज आला. तो आवाज काय असतो हे मला पाहायची गरज नव्हती.

इंगळ्यांच्या पुढच्या खोलीत तुकडे उतरवले तेव्हा एक मनोरा तीन जागी मोडलेला होता, दुसरा वाकलेला. डाग देण्याचं सामान मी सोबत घेतलं होतं, पण तुकडे धरून डाग देणं एकट्याला जमेना. दोनदा तार हातून निसटली.

“इकडे द्या,” इंगळे म्हणाले.

“दादा, बारीक काम आहे. दिसायचं नाही तुमाले.”

“दिसायचं काय त्यात?”

त्यांनी मोडलेला मनोरा तळहातावर घेतला. अंगठ्याने एकेक सांधा चाचपला, वाकलेली तार नखाने सरळ केली, तुकडे एकमेकांना भिडवून चिमटीत असे धरले की केसाएवढी फट राहिली नाही. “आता तुमी डाग द्या. मी हलत नाही.” ते खरंच हलले नाहीत. मी डाग दिला. एक, दोन, तीन. धग त्यांच्या बोटांना लागली असेल, पण चिमटी सुटली नाही. तो मनोरा आजही चारही मनोऱ्यांत सगळ्यात सरळ उभा आहे.

मॉडेल लागलं. निर्मलाताईंनी खिडकीचा पडदा बाजूला केला. इंगळे इमारतीपाशी वाकले, उजवा डोळा रुळाजवळ नेला, एक बोट चौथऱ्याच्या चाकाशी ठेवलं आणि चालायला लागले. आठ फुटांची वाट. मी आणि निर्मलाताई भिंतीला टेकून उभे होतो. बाहेर कुणाच्या तरी दारात मोटारसायकल चालू झाली, गेली. ते चालतच होते. सरोवर आलं, तिथे थांबले. सुरूची झाडं आली. टाकीपाशी त्यांनी मान वर करून पाहिलं. तळापर्यंत पोचायला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही, पण उभं राहून माझे पाय भरून आले होते.

“चाक वाजत नाही,” ते शेवटी म्हणाले. माझ्या कामाला मिळालेलं याहून मोठं प्रमाणपत्र माझ्याकडे नाही.

त्यानंतर सहा-सात महिने त्यांना थोडंफार दिसलं. ते रोज दुपारी ती वाट चालत, असं निर्मलाताई फोनवर सांगायच्या. पुढे उजवा डोळाही गेला. जिल्हा परिषदेच्या शाळेतली पोरं अधूनमधून मास्तरांसोबत मॉडेल पाहायला येतात. इंगळे हाताने दाखवत सांगतात आणि भिंतीआडचं काही विचारलं की हसून विषय बदलतात.

मी आता काम थांबवलं आहे. मागच्या थंडीत साखरखेर्ड्याला एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा त्यांच्याकडे डोकावलो. योगायोगाने त्याच दुपारी एक उड्डाण होतं. टीव्ही लावलेला होता. निर्मलाताईंनी मॉडेलातलं रॉकेट आधीच तळावर नेऊन ठेवलं होतं. इंगळे मॉडेलजवळ खुर्चीत बसले होते. टीव्हीत काही दिसण्याआधीच ते सांगायचे, आता अमुक बंद होईल, आता माणसं निघाली असतील. आणि दिसू लागलं की निर्मलाताई सांगायच्या.

“धूर निघाला. आडवा पळाला.”

“हं.”

“हात बाजूला झाला. निघालं. मनोऱ्याच्या बरोबर आलं... वर गेलं.”

इंगळ्यांनी श्वास सोडला. टीव्हीवरची माणसं टाळ्या वाजवत होती. काही वेळाने ते उठले, मॉडेलच्या कडेने चाचपत तळापाशी गेले आणि चौथऱ्यावर हात ठेवला. चौथरा रिकामा होता. निर्मलाताईंनी रॉकेट उचलून घेतलं होतं. ते त्यांच्या मुठीत होतं.

“गेलं ना,” त्या म्हणाल्या.

“गेलं,” इंगळे म्हणाले. मग माझ्याकडे तोंड करून त्यांनी सांगितलं, “मुनीरभाई, लोकाला वाटते काम संपलं. रिकामा चौथरा मागं आणावा लागते. दुसऱ्या दिवशी आम्हीच आणायचो. तेव्हा पाहायला कोनी नसते.”

त्यांनी चौथऱ्याच्या मागे बोट लावलं आणि तो इमारतीकडे आणायला सुरुवात केली. निर्मलाताईंनी टीव्ही बंद केला. रॉकेट पदराने पुसत त्या त्यांच्या शेजारून चालू लागल्या, त्यांच्या पावलाला पाऊल लावून, थांबत थांबत. मी लग्नाला पोचलो तेव्हा पंगत उठली होती.